थोरली, मधली, धाकटी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो, त्यांच्या मोटारीत नवरा डावीकडं बसायचा, बायको उजवीकडं, आणि चाक नवऱ्याच्या हातात असायचं. चौकात गाडी थांबली की माणसं आधी उजवीकडच्या आक्कांकडं बघायची, त्यांच्यापुढं चाक नाही हे बघून दचकायची, आणि पलीकडं चाकापुढं मास्तर दिसले की सुटल्यासारखी हसायची. एका नव्या पोलिसानं तर आक्कांकडंच लायसन मागितलं होतं. आक्का म्हणाल्या, "तिकडं मागा की. मी निस्ती सांगनारी हाय."

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. गिरणीत विणकाम खात्याचे मास्तर. सगळी हयात मागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळं कान अर्धे निकामी आणि आवाज दुप्पट. एखादी खासगी गोष्ट सांगायची असली की ते जवळ यायचे, इकडं तिकडं बघायचे, तोंडाला हात लावायचे आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी कुजबुज करायचे. त्यांच्या घरातलं गुपित सगळ्या पेठेला पाठ असे. आपण फार हळू बोलतो असा त्यांचा शेवटपर्यंत समज होता.

मी त्या वर्षांत कायम दमलेला असे. कारकून होतो, पण दुष्काळी कामांच्या हजेऱ्या तपासायला जीपमधून हिंडावं लागे, म्हणून मास्तर मला थट्टेनं साहेब म्हणत. आठवडाभर धूळ खाऊन शनिवारी माडी चढलो की रविवारी दुपारपर्यंत कोणी हाक मारू नये, एवढंच माझं जगाकडं मागणं होतं. बाकी जगाची त्याला हरकत नव्हती. मास्तरांची होती. रविवारी सकाळी जिन्याखालून आवाज यायचा, "साहेब, थोरली तापलीया!" म्हणजे इंजिन चालू करून ठेवलं आहे, मी खाली यावं.

थोरली हे त्या गाडीचं नाव. मास्तरांचा एकुलता मुलगा बाळू इंजिनिअर होऊन कुवेतला गेला आणि येताना ही छोटी जपानी गाडी बोटीवर घालून घेऊन आला. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, म्हणून चाक डावीकडं. बाळूचं मन सोलापुरात रमलं नाही. तो पुन्हा निघाला, या वेळी आफ्रिकेत, आणि गाडी बापाच्या दारात राहिली. मास्तर उतारवयात चालवायला शिकले आणि एकदा शिकले म्हटल्यावर त्यांना दुसरा विषय उरला नाही.

आफ्रिकेतून बाळूनं त्याच गाडीच्या पुढच्या पिढीची रंगीत चित्रं पाठवली, मग तिच्याही पुढच्या पिढीची. मास्तरांनी ती काचेत बसवून बैठकीत देवांच्या शेजारी टांगली. थोरली, मधली आणि धाकटी. दसऱ्याला दारातल्या थोरलीला झेंडूचा हार पडायचा आणि भिंतीवरच्या दोघींच्या काचेला हळदकुंकू लागायचं. आलेला पाहुणा चहा संपेपर्यंत सुटत नसे.

"हिचं इंजन आकराशे सीसीचं," मास्तर सांगायचे. "का आकराशेचं? तर जपानात शेजारच्या कारखान्यानं तवाच हजाराची काढली. मग हेनी म्हटलं, आमची शंभरानं मोठी. मग त्या शेजाऱ्याला चैन पडंल व्हय? त्येनं त्याच्या फुडची बाराशेची काढली आन् पेपरात छापलं, आता शेजाऱ्याची गाडी बारकी दिसती म्हनून! शेजारी हितून तितून सारखाच असतोय बगा." पाहुणा हसून उठायला लागला की त्याच्या खांद्यावर हात यायचा. "दर चार वर्सानं त्येंची नवी पिढी. आन् आपली हितली गाडी? फुडची जाळी बदलली की म्हनायचं नवी झाली. बाईनं नथ बदलली तर काय बाई बदलती का?"

पाण्याची टंचाई होती तेव्हा त्यांनी गाडीवर थेंबभर पाणी घातलं नाही. गिरणीतल्या सुताच्या चिंध्यांनी ते ती कोरडीच पुसायचे. रात्री तिच्यावर जुन्या सोलापुरी चादरी एकमेकींना शिवून केलेलं पांघरूण पडायचं. तसलीच एक चादर मी माडीवर पांघरायचो. फरक एवढाच की सकाळी तिच्या अंगावरची कोणी झटकून घडी घालून ठेवायचं.

आता, डाव्या चाकाची एक अडचण असते. आपल्याकडं पुढच्या गाडीच्या उजव्या अंगानं पुढं जायचं, आणि डावीकडं बसलेल्या माणसाला तिथला रस्ता दिसतच नाही. पुढं उसानं भरलेली बैलगाडी असली की मास्तरांना दिसायचा नुसता ऊस. म्हणून उजवीकडच्या माणसानं बघून सांगायचं. ते काम आक्कांचं. मास्तर विचारायचे, "काय गं?" रस्ता मोकळा असला की आक्का म्हणायच्या, "घ्या." समोरून काही येत असलं की, "थांबा." या दोन शब्दांवर ती गाडी सोलापूर ते वेळापूर, आक्कांच्या माहेरापर्यंत, कितीदा तरी गेली आणि आली. आक्का बाकी फार बोलायच्या नाहीत, पण गाडीतून उतरल्या की त्यांच्या चालीत एक ऐट असायची. भावजयांना त्या सांगायच्या, "मी घ्या म्हटल्याबिगर हेंचं चाक हलत न्हाय." ते अक्षरशः खरं होतं.

बायको उजवीकडं बसवलेली कशी, असं कोणी चिडवलंच तर मास्तरांचं उत्तर तयार असे. "पूजंला बायकू कुटं बसती? उजवीकडं. आन् नवऱ्याच्या हाताला हात लावती. तवा कुटं त्ये देवाला पोचतंय. हितं बी तसंच."

एका रविवारी निघण्याआधी मास्तरांनी मला जिन्याखाली ओढलं. आक्का शेजारणीकडं गेल्या होत्या, म्हणून निदान त्या वेळची कुजबुज त्यांच्या कानावर गेली नाही.

"हिचं डोळं गेलं, साहेब. काचबिंदू. लांबचं कायबी दिसत न्हाय."

मला ते थोडंसं लक्षात आलं होतं. मला चहा देताना त्या कप माझ्या हाताच्या जरा पलीकडं धरायच्या, मग मी हात तिकडं न्यायचो. "मग आता रस्ता कोण बघणार?" मी विचारलं.

"तीच."

"अहो, पण..."

"तिला वाटतंय मला ठावं न्हाय. वाटू द्या की. घरात सून न्हाय, नातवंड न्हाय, ल्योक समुद्रापल्याड. चुलीपुढं आता चटकं बसत्यात म्हनून मीच भाकरी बडवतो. तिच्याकडं ह्ये एकच काम ऱ्हायलंय. त्ये बी काढून घिऊ?" त्यांचे डोळे भरून आले. मला माझी झोप आठवली आणि तिची आशा मी तिथंच सोडली.

व्यवस्था अशी ठरली. मी मागच्या सीटवर मधोमध बसायचं, मान उजवीकडं काढून आक्कांच्या खांद्यावरून रस्ता बघायचा. मोकळा असला की डावा गुडघा मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीत दाबायचा. मास्तर नेहमीसारखं आक्कांना विचारणार, आक्का नेहमीसारखं सांगणार, पण गाडी पुढं काढायची ती आक्कांचा शब्द आणि माझा गुडघा दोन्ही जुळले तरच. आक्कांचा शब्द चुकला आणि गुडघा लागला नाही, तर मास्तर म्हणणार, "ऱ्हाऊ दे गं, घाई कुटं हाय."

पहिल्या फेरीला आक्कांचा शब्द कधी चुकतो याची वाट बघत मी मान ताणून बसलो होतो. पण आश्चर्य असं की आक्कांचा शब्द चुकला नाही. मी गुडघा दाबायचो आणि त्या म्हणायच्या, "घ्या." मी स्वस्थ असलो की, "थांबा." मोहोळच्या पुढं एक ट्रक धूळ उडवत अचानक समोर आला, तिथंसुद्धा त्या "थांबा"च म्हणाल्या. मला वाटलं, मास्तर उगाच घाबरतात, बाईंना दिसतंय अजून. किंवा आवाजावरून कळत असेल. फार विचार करायची माझ्यात ताकद नव्हती. इतकं समजलं की रविवारची माझी सुट्टी आता गुडघ्यानं खाल्ली.

अशी वर्षं गेली. दुष्काळ संपला, माझ्या हजेऱ्या संपल्या, दुसरी कामं आली, तीही तितकीच दमवणारी. लग्नासाठी बघायला गेलेल्या एका घरी मी बोलता बोलता मुलीच्या बापाच्या खुर्चीला गुडघा लावला. ते स्थळ पुढं गेलं नाही. त्याचं कारण गुडघा होता असं मी म्हणत नाही.

मग बाळूनं कळवलं की तो कायमचा परत येतोय आणि येताना धाकटी घेऊन येतोय. तो आफ्रिकेत जिथं होता तिथं चाक आपल्यासारखंच उजवीकडं असतं, त्यामुळं आईला आता बघायचा त्रास नको.

गल्लीला आनंद झाला. भिंतीवरची धाकटी चित्रातून उठून दारात येणार, म्हणजे मास्तर पेढे वाटणार अशी सगळ्यांची खात्री होती. मास्तरांनी मात्र आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीची निंदा सुरू केली. "धाकटी सुटलीया. थोरली कशी शिडशिडीत, मधली जरा भरली, आन् ही पार पसरली. वजान वाडलं, इंजन वाडलं. नाजूकपना ऱ्हायला न्हाय." ऐकणाऱ्यांना वाटलं, म्हातारा जुन्या गाडीत अडकलाय. मला एकट्याला ते जिन्याखाली म्हणाले, "साहेब, तीत हिला काय काम?" हे कुजबुजून म्हणाले असल्यामुळं समोरच्या किराणा दुकानदारानं वर पाहिलं.

ते खचले होते. ज्या गाडीच्या खानदानाचं त्यांनी इतकं कौतुक केलं, तिचीच धाकटी त्यांच्या बायकोची जागा घ्यायला निघाली होती. त्यांनी एकच हिशोब मांडला: थोरली धडधाकट असेपर्यंत धाकटीला हात लावायचा नाही. पण थोरलीचंच ठीक नव्हतं. तिच्या पुढच्या चाकांना पोटाखालून धक्के झेलणारा आडवा पाटा होता, आणि उसाच्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्यावर तो वेळापूरहून येताना मोडला. भवानी पेठेतल्या मिस्त्रीनं तो तापवून, ठोकून, पट्ट्या बांधून बसवला. पुन्हा मोडला. बाळूनं कोणाबरोबर तरी सुटा भाग पाठवला, मास्तरांनी तो नवसाचा नारळ न्यावा तसा दोन्ही हातांनी मिस्त्रीकडं नेला. पुडकं सोडलं तर आत गोल वळ्यांची स्प्रिंग. ती मधलीची होती. मधलीला पाटा नव्हताच.

"मास्टरसाब, ये इसका नईं," मिस्त्री म्हणाला. "इसके बाद वाली का है."

मास्तर ती स्प्रिंग हातात घेऊन बाकावर बसले. मी शेजारी बसलो होतो. "सख्ख्या भैनी म्हनायच्या," ते म्हणाले, "आन् एकीची बांगडी दुसरीला हुत न्हाय." त्या दिवशी थोरलीला माणसांनी ढकलत घरी आणलं आणि चादरींचं पांघरूण तिच्यावर भरदुपारी पडलं. मला हायसं वाटायला हवं होतं. माझा गुडघा सुटला होता. पण जिना चढताना मला फार वाईट वाटलं.

बाळू आला. चांगला मुलगा होता, आईबापांवर जीव होता. मुंबईहून स्वतः चालवत आणलेली धाकटी त्यानं दारात उभी केली, आईचा हात धरून तिच्या पत्र्यावर फिरवला आणि बापाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाला, "बाबा, आता चाक उजवीकडं. सगळं तुमचं तुम्हाला दिसेल. आता आईला विचारायचं काम नाही!"

आक्कांचा हात पत्र्यावरून बाजूला झाला. "बरं झालं बाबा," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या. बाळूला वाटलं, आईला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याची बादली घेऊन खालून जात होतो. आक्का ओसरीवर बसून बोटांनी चाचपत ज्वारी निवडत होत्या. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"भाऊ, जरा थांबा. एक इचारू का? नव्या गाडीची शीट वाजती का हो?"

"सीट? कशी वाजणार?"

"थोरलीची वाजायची की. तुमी हेंच्या खुर्चीत गुडगा दाबला की तिची स्प्रिंग कुरकुरायची. ती कुरकुरली की मी घ्या म्हनायची."

मी बादली खाली ठेवली. इतकी वर्षं मला त्या आवाजाचा पत्ता नव्हता, आणि मास्तरांच्या कानांना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"मला दिसत न्हाय ह्ये त्येंला कळलंय, ह्ये मला पयल्याच दिशी कळलं. तुमाला मागं मधोमध बसवलं तवाच. आदी तुमी खिडकीपाशी झोपायचा की." त्यांनी एक खडा चाचपून बाजूला टाकला. "म्या म्हटलं, माझ्यासाटी येवडं करत्यात तर करू द्या. मी न्हाय म्हटलं असतं तर हिरमुसलं असतं. ती दोन अक्षरं बोलाया मिळायची म्हनून मी बी गप ऱ्हायले. आता नवी गाडी वाजत नसंल तर मी कशाच्या जीवावर बोलू?"

मी संध्याकाळी धाकटीत जाऊन बसलो आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीत जोरानं गुडघा दाबून बघितला. आत मऊ स्पंज होता. आवाज म्हणून नाही.

रविवारी वेळापूरला जायचं निघालं. "साहेब, तुमी बी," मास्तर म्हणाले. बाळूनं विचारलं, आता यांना कशाला उगाच? मास्तरांना ते ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. मास्तर उजवीकडं चाकावर बसले. आक्का डावीकडच्या दारानं आत आल्या, पुढं हातानं चाचपलं, आणि मांडीवर दोन्ही हात ठेवून बसल्या. मी आणि बाळू मागं.

मोहोळ ओलांडेपर्यंत रस्ता रिकामा होता. मग पुढं उसाची गाडी आली. मास्तरांना आता सगळं दिसत होतं, समोर दूरवर काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांनी वेग कमी केला, बैलगाडीच्या मागं लागले आणि म्हणाले, "काय गं?"

"बाबा, आता कशाला विचारता?" बाळू म्हणाला.

गाडी बैलांच्या चालीनं चालली होती. आक्कांची मान ताठ झाली, त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. माझा गुडघा सवयीनं खुर्चीत गेला आणि स्पंजात बुडाला. आक्का कान देऊन बसल्या होत्या, ते मला मागून दिसत होतं, आणि त्यांच्या कानापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

मी खोकलो.

"घ्या!" आक्का म्हणाल्या. मास्तरांनी गाडी झोकात पुढं काढली.

पुढं ट्रॅक्टर आला. समोरून एसटी येत होती. मी गप्प बसलो. "थांबा," आक्का म्हणाल्या. एसटी गेली, मी खोकलो. "घ्या." पंढरपूर येईपर्यंत मला असा खोकला लागला की बाळूनं काच वर केली. पंढरपूरच्या पुढं एका टेम्पोमागं मी पुन्हा खोकलो, आक्का "घ्या" म्हणाल्या, आणि वरच्या आरशात मास्तरांचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. ते तिथंच राहिले. टेम्पो मागं टाकायचंही ते विसरले.

वेळापूरला आक्कांच्या माहेरी जेवणं झाली. आक्का कट्ट्यावर भावजयांच्यात बसल्या होत्या. मास्तरांनी मला लिंबाच्या झाडाखाली नेलं, इकडं तिकडं बघितलं आणि तोंडाला हात लावला.

"थोरलीत बी असंच हुतं व्हय?"

मी मान हलवली.

"मंजी ती तुमच्या गुडग्यावर बोलायची?"

"हो."

मास्तरांनी झाडाला पाठ टेकली. मग नाक पुसून ते म्हणाले, "लई वर्सं सांबाळलं की वो तिनं मला." आणि माझा दंड धरून, अगदी जवळ येऊन, "साहेब, खोकल्याला औषिद घिऊ नगा."

ही कुजबुज सगळ्या आळीनं ऐकली. गोठ्यातली म्हैस वळून बघू लागली. बाळू म्हणाला, "अहो बाबा, असं कसं, औषध घ्यायलाच पाहिजे." आक्कांनी कट्ट्यावर पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की रडत होत्या, मला तितक्या लांबून कळलं नाही.

परतताना ऊन कलतं होतं आणि मी खरोखरच दमलो होतो. घसा खरखरत होता, मान दुखत होती, उद्या सकाळी कचेरी होती. वेळापूरच्या बाहेर पडतो न पडतो तोच पुढं उसानं भरलेली बैलगाडी आली. रस्ता लांबपर्यंत उघडा होता. डोळे मिटत होते, मला खोकायचं सुचलं नाही. मास्तरांनी वेग उतरवला.

"काय गं?"

"थांबा," आक्का म्हणाल्या. "भाऊंस्नी खोकू द्या की."

मी खोकलो.

"घ्या."